वर्गात एआय : नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी

शाळेत एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, आणायचं की नाही, हा प्रश्न आता शाळेच्या हातात उरलेला नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी प्रश्न टाइप केला की वाक्यांत उत्तर देणारं चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि बघता बघता ते मुलांच्या गृहपाठात येऊन बसलं. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नेटवर्कवर त्याला बंदी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती मागे घेतली. शाळेच्या वायफायवर बंद केलेली गोष्ट घरच्या मोबाइलवर उघडतेच. तेव्हा शिक्षक म्हणून आपल्यापुढचा प्रश्न आहे तो कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं, एवढाच.

खालच्या सगळ्या पायऱ्यांना मी एकच कसोटी लावली आहे : या कामात डोकं कोणाचं चाललं? शिक्षकाचा वेळ वाचला आणि मुलाला विचार करायला जास्त जागा मिळाली, तर ते काम एआयकडे द्यायला हरकत नाही. मुलाने करायचा विचारच यंत्राने करून टाकला, तर उत्तर कितीही देखणं असलं तरी त्या तासाला मूल काही शिकलेलं नसतं.

पायरी १ : हे यंत्र काय करतं, ते आधी समजून घ्या

चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटच्या मागे जे असतं त्याला भाषेचं मॉडेल म्हणतात. प्रचंड मजकूर वाचवून त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते : आतापर्यंतचे शब्द पाहता पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे. त्यावर पुढे बरेच संस्कार होतात, उत्तरं उपयोगी आणि सभ्य यावीत म्हणून, पण गाभा तोच राहतो. म्हणूनच त्याची भाषा अडखळत नाही. आणि म्हणूनच बरोबर उत्तर आणि चुकीचं उत्तर, दोन्ही ते एकाच ठाम सुरात देतं. माणूस चाचरला की आपल्याला शंका येते. इथे तो इशारा मिळत नाही, शंका आपणच आणावी लागते.

चॅटबॉट म्हणजे सगळं एआय नव्हे. मुलाच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे ठरवणारी सराव-सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधीची आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संगणकावर शिकवण्याची प्लेटो नावाची यंत्रणा १९६० मध्येच सुरू झाली होती. नवं आहे ते हे, की आता मूल आपल्या शब्दांत काहीही विचारू शकतं आणि त्याला वाक्यांत उत्तर मिळतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. या मॉडेलांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीच्या तुलनेत मराठी फार थोडी आहे. त्यामुळे पारिभाषिक शब्द कधी हिंदीतून येतात, कधी घडवलेले वाटतात. ‘अंश, छेद, गुणोत्तर हे शब्द पाठ्यपुस्तकात आहेत तसेच वापर’ असं सांगावं लागतं. धड्यातला उतारा सोबत चिकटवला तर भाषा बरीच सुधारते.

पायरी २ : पहिले काही दिवस एकट्याने वापरा

मुलांपुढे नेण्याआधी स्वतः वापरून बघा, आणि तेही तुम्हाला पाठ असलेल्या घटकावर. नवख्या विषयावर विचारलं की सगळंच खरं वाटतं. तुमच्या विषयातला असा प्रश्न घ्या, ज्यात दरवर्षी मुलं हमखास चुकतात. यंत्र कुठे अचूक आहे, कुठे वरवरचं बोलतंय, कुठे सरळ चुकतंय, हे तुम्हाला लगेच दिसेल. संदर्भ मागून पाहा. पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष असं सगळं देऊन ते अस्तित्वातच नसलेलं पुस्तक सांगू शकतं. हा अनुभव स्वतः घेतलेला शिक्षक पुढे वर्गात वेगळ्या खात्रीने बोलतो.

पायरी ३ : तयारीच्या कामाला लावा, पण तुमचं निदान घालून

खरा फायदा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘दशांश अपूर्णांकांवर सहा प्रश्न दे’ असं विचारलं की सहा प्रश्न मिळतात. ते कुठल्याही स्वाध्यायात मिळाले असते. त्याऐवजी मुलांची चूक नेमकी कोणती, ते सांगा. उदाहरणार्थ :

‘माझ्या वर्गातली काही मुलं ०.४५ ही संख्या ०.६ पेक्षा मोठी आहे असं म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. ही चूक पकडतील अशा दशांश अपूर्णांकांच्या सहा जोड्या दे. मुलाने प्रत्येक जोडीतली मोठी संख्या ओळखायची आहे. गोष्टी, चित्रं, प्रस्तावना नको.’

समजा, उत्तरात या जोड्या आल्या : ०.४५ आणि ०.६, ०.२३ आणि ०.७, ०.१२५ आणि ०.५, ०.३८ आणि ०.९, ०.०७ आणि ०.४, ०.६१५ आणि ०.८.

मागितलं तेच मिळालं. पूर्ण संख्यांसारखं वाचणारं मूल सहाही जोड्यांत चुकेल आणि सापडेल. छापायला देण्याआधी मात्र क्षणभर थांबा. सहाही जोड्यांत कमी अंकांची संख्याच मोठी आहे. वर्गात दुसऱ्या प्रकारची मुलंही असतात. त्यांनी ‘शतांश हा दशांशापेक्षा लहान’ हे ऐकलेलं असतं आणि त्यावरून ‘दशांशचिन्हापुढे जितके अंक जास्त, तितकी संख्या लहान’ असा नियम मनाशी बांधलेला असतो. या मुलांना सहापैकी सहा गुण मिळतील. त्यांची समजूत चुकीची आहे आणि आपण त्यांच्या वहीवर शाबासकी लिहून मोकळे होऊ.

उपाय सोपा आहे. ०.७३ आणि ०.४ ही जोडी घाला, इथे ती मुलं ०.४ ला मोठं म्हणतील. ०.५ आणि ०.५० ही घाला, आणि ‘दोन्ही समान’ हा पर्यायही द्या. आता चाचणी दोन्ही समजुती वेगळ्या करून दाखवते. ही दुरुस्ती यंत्राला सांगितली की ते तशा आणखी वीस जोड्या क्षणात करून देतं. पण ती दुरुस्ती हवी आहे, हे कळलं ते वर्गात वर्षानुवर्षं वह्या तपासलेल्या माणसाला.

म्हणून यंत्राला सांगताना चार गोष्टी घाला : मुलांची इयत्ता, त्यांना आधी काय येतं, ती नेमकी कुठे अडतात, आणि उत्तर कोणत्या रूपात हवं. पहिलं उत्तर पसंत नसेल तर नव्याने सुरू करण्यापेक्षा त्यावरच बोला. ‘तिसरा प्रश्न दुसऱ्यासारखाच आहे, बदल’, ‘वाक्यं छोटी कर’, ‘हा शब्द सातवीच्या मुलाला माहीत नसतो’ असं. आपण नव्या सहकाऱ्याला सांगतो तसंच.

याच पद्धतीने बरंच काही होतं. एकच उतारा तीन पातळ्यांवर लिहून घेता येतो, म्हणजे वाचनात मागे असलेलं मूलही तोच विषय वाचतं आणि चर्चेत भाग घेतं. मला हा उपयोग सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण एकट्या शिक्षकाला हे रोज करणं अशक्यच असतं. शाळेच्या भाषेहून वेगळी भाषा घरी बोलणाऱ्या मुलासाठी सूचना त्याच्या भाषेत करून घेता येतात, मात्र त्या भाषेचा जाणकार एकदा नजर टाकेल असं पाहा. बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय, पालकांना द्यायच्या सूचनेचा मसुदा, पाठाच्या टाचणाचा आराखडा ही कामंही होतात. आकडेमोड, उत्तरसूची आणि विज्ञानातली एकके मात्र प्रत्येक वेळी स्वतः तपासा.

पायरी ४ : मुलांची माहिती बाहेर जाऊ देऊ नका

मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, फोटो, गुणपत्रक, आजार, घरची परिस्थिती यातलं काहीही सर्वांसाठी खुल्या असलेल्या चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही. वहीचा फोटो टाकायचा तर नाव झाका. ‘एक विद्यार्थी’ एवढं पुरतं. शाळेने एखादं साधन विकत घेतलं असेल तर मुलांनी लिहिलेला मजकूर ते किती दिवस साठवतं आणि मॉडेल शिकवायला वापरतं का, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्या.

वयाचंही पाहायला हवं. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत वर्गात अशी साधनं स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान १३ वर्षं वयाची मर्यादा सुचवली आहे. त्याहून लहान मुलांच्या वर्गात एआय फक्त शिक्षकाच्या हातात राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ५ : मुलांपुढे पहिल्यांदा नेताना एकच पडदा

प्रत्येकाच्या हातात यंत्र देण्याची घाई नको. एक पडदा, एक खातं, टाइप करणारे तुम्ही.

विज्ञानाचा तास घ्या. प्रश्न फळ्यावर लिहा : उकळत्या पाण्यातून वर येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतं? आधी प्रत्येकाने वहीत उत्तर आणि त्याचं कारण लिहायचं. बरीच मुलं ‘हवा’ लिहितात, काही ‘ऑक्सिजन’, कोणी ‘काहीच नाही’. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा. त्यानंतरच प्रश्न यंत्राला विचारा आणि उत्तर पडद्यावर दाखवा. उत्तर येईल, पाण्याची वाफ. आता खरं काम सुरू होतं. यंत्राने दिलेल्या कारणातलं कोणतं वाक्य आपल्याला पटलं? कोणतं नुसतंच मानावं लागतंय? पाणी तापायला लागल्यावर सुरुवातीला दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, हे त्याने सांगितलं का? नसेल सांगितलं, तर ‘हवा’ लिहिणारं मूल अगदीच चुकलं म्हणायचं का?

यातला क्रम मोडू देऊ नका. आधी स्वतःचं उत्तर, मग यंत्राचं. उलट केलं की वर्ग उत्तर वाचून मोकळा होतो आणि चर्चेला कोणी तोंड उघडत नाही. स्वतः काहीतरी लिहून बसलेल्या मुलाला मात्र आपलं म्हणणं राखायचं असतं, म्हणून ते बारकाईने वाचतं.

असे काही तास झाले की मुलांना एक सवय लागते. यंत्र म्हणालं म्हणून ती थांबत नाहीत, ‘कशावरून?’ असं विचारतात.

पायरी ६ : मुलांच्या हातात देताना उत्तर नको, खुणा द्या

१९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने एक निरीक्षण मांडलं. एकट्याला शिक्षक मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला होता. पुढच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा आढळला नाही, पण एकाला एक शिकवण्याचा फायदा होतो हे टिकून राहिलं. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणं कोणालाच परवडत नाही. एआयबद्दलची सगळी आशा याच जागी उभी आहे. २०२३ मध्ये ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकॅडमी या संस्थेने आणलेला खानमिगो हा सहायक याच कल्पनेचा : सरळ उत्तर न देता प्रश्न विचारत नेणारा.

ही आशा खरी आहे, पण साधन कसं बांधलंय यावर सगळं अवलंबून आहे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत २०२३ मध्ये सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, तो मला प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा वाटतो. एका गटाला सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला. दुसऱ्या गटाला तोच चॅटबॉट, पण उत्तर न सांगता खुणा देणारा. त्यात त्या गणितांची उत्तरं आणि मुलं नेहमी कुठे चुकतात, हे शिक्षकांच्या मदतीने आधीच भरलं होतं. तिसऱ्या गटाकडे फक्त पुस्तक आणि वही. सराव करताना पहिला गट तिसऱ्याच्या ४८ टक्के पुढे होता, दुसरा १२७ टक्के. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटवर सराव केलेल्या मुलांचे गुण, कधीच यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आले. खुणा देणाऱ्या चॅटबॉटच्या गटाचं हे नुकसान जवळपास झालं नाही. पण सरावात दिसलेली ती प्रचंड आघाडीही परीक्षेत उरली नाही.

यातून वर्गासाठी दोन गोष्टी घ्या. पहिली, यंत्र हाताशी असताना मिळालेले गुण म्हणजे शिकणं नव्हे. ते यंत्र बाजूला ठेवूनच तपासावं लागतं, म्हणून दर आठवड्याला पाच-दहा मिनिटांची कागदावरची चाचणी ठेवा. दुसरी, मुलांना विचारण्याची रीत शिकवा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवता येईल अशी ही सूचना :

‘मी आठवीत आहे. मला हे गणित सोडवायचं आहे. उत्तर सांगू नकोस. मी केलेल्या पायऱ्या पुढे लिहिल्या आहेत. पहिली चुकलेली पायरी कोणती, तेवढंच सांग आणि मला एक प्रश्न विचार.’

यात ‘मी केलेल्या पायऱ्या’ हा भाग सक्तीचा ठेवा. काहीही न लिहिता विचारायला बसायचं नाही, हा वर्गाचा नियम. भाषेच्या तासालाही तसंच करा : निबंध आधी मुलाचा, मग यंत्राला विचारायचं, ‘कोणत्या परिच्छेदात मुद्दा स्पष्ट होत नाही?’ वाक्यं नव्याने लिहून मागायची नाहीत. मुलाचं स्वतःचं अडखळतं वाक्य वहीत राहू द्या, पुढच्या महिन्यात त्याच्याशीच तुलना करायची असते.

पायरी ७ : गृहपाठ बदला, पोलिसगिरी टाळा

‘हे मूल असं लिहूच शकत नाही’ अशी शंका आली की मजकूर यंत्राचा की माणसाचा हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे हात जातो. तो मागे घ्या. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं होतं. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखू शकलं, आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने यंत्राचा ठरवला. जुलैमध्ये कमी अचूकतेचं कारण देऊन ते बंद केलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध दिल्यावर या साधनांनी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले. साधे शब्द, ठरावीक रचना, म्हणून. धडपडत नवी भाषा शिकणाऱ्या मुलालाच इथे चोर ठरवलं जातं. एका निरपराध मुलाचा आपल्यावरचा विश्वास उडाला तर तो परत मिळवायला वर्ष पुरत नाही.

शंका असेल तर मुलाशी बोला. ‘हा शब्द का वापरलास?’, ‘हा मुद्दा मला तुझ्या शब्दांत सांग.’ दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं, आणि आरोप न करता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गृहपाठाची घडण. ‘प्रदूषणावर निबंध लिहा’ हे काम यंत्र दहा सेकंदांत करतं, म्हणून ते घरी देण्यात आता अर्थ उरलेला नाही. कच्चा मसुदा वर्गात, हाताने लिहून घ्या. घरी वाचन आणि निरीक्षण द्या. कच्चं आणि पक्कं, दोन्ही मागा, आणि बदल का केले ते तीन ओळींत लिहायला सांगा. तोंडी परीक्षेला पुन्हा मान द्या. मोठा वर्ग असेल तर रोज चार-पाच जणांना आपल्याच वहीवर एकेक प्रश्न विचारला तरी महिन्याभरात सगळे होतात.

आणि प्रत्येक कामावर आधीच लिहा : एआय नाही, एआय फक्त शंका विचारायला, किंवा एआय पूर्ण मोकळं. कुठे मुभा आहे हेच ठाऊक नसलेल्या मुलाला नंतर दोष देता येत नाही.

पायरी ८ : तपासणीत मदत घ्या, गुण स्वतः द्या

चाळीस वह्यांतल्या समान चुका गोळा करणं, शेऱ्याचा मसुदा करणं, यात यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही. पण गुण, श्रेणी, वर्गोन्नती, कोणत्या तुकडीत बसवायचं, हे निर्णय माणसाचे. तेच उत्तर दोनदा दिलं तर यंत्र दोन वेगळे गुण देऊ शकतं, करून पाहा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात प्रवेश आणि मूल्यमापनासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रणा जास्त जोखमीच्या वर्गात टाकल्या आहेत. तिथे शाळेत मुलांचे चेहरे पाहून त्यांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणांना तर वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून फेब्रुवारी २०२५ पासून मनाईच आहे. मूल कंटाळलंय की नाही, हे सांगणारा कॅमेरा कोणी शाळेला विकायला आला तर नकार द्यायला हा पुरेसा आधार आहे.

पायरी ९ : पालकांना आधी कळवा

पालकांना ही गोष्ट बाहेरून कळली तर भीती पसरते. सत्राच्या सुरुवातीलाच एका पानाचं पत्र द्या. वर्गात कोणतं साधन, कोणत्या कामाला, कोणाच्या देखरेखीखाली वापरणार, मुलांची कोणती माहिती त्यात जाणार नाही, आणि मोबाइल किंवा इंटरनेट नसलेल्या मुलाचं काम अडणार नाही याची सोय काय, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा मनापासून पाळा : एआय लागेल असं कोणतंही काम घरी द्यायचं नाही, ते शाळेतच, सगळ्यांना मिळेल असं. घरी मूल ते वापरत असेल तर पालकांनी रोज त्याला एवढंच विचारावं, ‘आज त्याला काय विचारलंस, आणि त्याआधी तू काय लिहिलं होतंस?’ हे वाक्य पत्रात ठळक अक्षरांत छापा.